द्राक्षगर्भातून बऱ्या झालेल्या स्त्रियांची नोंद ठेवा : इंदूरच्या आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
इंदूर जिल्ह्याच्या शासकीय आरोग्य यंत्रणेतील अधिकारी,
तसेच शहरातील रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांस,

सादर नमस्कार.

मी सुदामानगरात राहते आणि एका सहकारी संस्थेत हिशेबाचे काम करते. माझे वय ४१ आहे. २०१२ साली, पहिल्याच गर्भारपणात, मला द्राक्षगर्भ झाला, म्हणजे गर्भाऐवजी वारेचाच भाग फुगून वाढला. गर्भपिशवी साफ केल्यावरही आजार आत शिल्लक राहिला आणि मला जवळजवळ पाच महिने किमोथेरपी घ्यावी लागली. मी पूर्ण बरी झाले. २०१५ साली मला मुलगी झाली, ती आता पाचवीत शिकते. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी मला बरे केले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, आणि हे पत्र त्यांच्यापैकी कोणाविरुद्ध नाही. बरे करून घरी पाठवलेल्या स्त्रीचे पुढे काय होते याची दखल घेण्याची सोय आपल्याकडे दिसत नाही, याविषयी हे पत्र आहे.

निमित्त गेल्या महिन्यातले आहे. माझी पाळी चार महिन्यांपासून अनियमित झाली म्हणून मी एका नव्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तेव्हा कोणकोणती औषधे दिली होती, आणि किती वेळा?" मेथोट्रेक्झेट हे नाव मला पाठ होते. पण मध्येच औषध बदलले होते आणि ते दुसरे औषध सलाइनमधून दिले जायचे, यापलीकडे मला काही सांगता येईना. माझ्याजवळचे कागद २०१६ साली घर बदलताना पावसात भिजून गेले, तो हलगर्जीपणा माझा. म्हणून जिथे उपचार झाले त्या रुग्णालयात मी फाइलची प्रत मागायला गेले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अदबीने सांगितले की तीन वर्षांपेक्षा जुने कागद आम्ही ठेवत नाही, २०१२ च्या फायली केव्हाच नष्ट केल्या.

त्यांनी नियम मोडला असे मी म्हणत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत भरती झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावेत आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावेत, असे लिहिलेले आहे. प्रश्न असा आहे की ज्या आजाराचे परिणाम बाईच्या पुढच्या प्रत्येक बाळंतपणाशी आणि रजोनिवृत्तीशी बांधलेले आहेत, त्या आजाराला तीन वर्षे पुरतात का?

मी हताश होऊन घरी आले, तेव्हा सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, ट्रंकेतून २०१२ आणि २०१३ ची कालनिर्णय काढली. माई जुनी कॅलेंडरे टाकत नाहीत. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, गॅसची टाकी लावल्याचा दिवस, कामवालीचे खाडे, आणि त्यांच्याच शेजारी बारीक अक्षरांत माझे बीटाचे, म्हणजे रक्तातल्या गर्भारपणाच्या संप्रेरकाचे (बीटा-एचसीजी), आकडे. ऑगस्टमध्ये भरती होतानाचा आकडा २,४०,०००. पिशवी साफ झाल्यावर १८,६००, मग २,१४०. सप्टेंबरच्या चार मंगळवारी ओळीने ४१२, ३९८, ४०५, ४०१. त्यातला तिसरा हरितालिकेचा दिवस होता, आणि त्या चौकोनात उपासाच्या खुणेशेजारी तो ४०५ आहे. आकडा खाली यायचा थांबला होता. १ ऑक्टोबरपासून एक दिवसाआड 'इं.' असे अक्षर आणि मधल्या दिवसांवर 'गोळी'. १, ३, ५, ७ ला इंजेक्शन, २, ४, ६, ८ ला गोळी. मग आठवडाभर काही नाही, आणि १५ पासून पुन्हा तेच. दिवाळीच्या पाडव्यालाही 'इं.' आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून इंजेक्शने बंद होऊन दर दुसऱ्या मंगळवारी 'सलाइन' लिहिलेले आहे. २०१३ च्या कॅलेंडरात १५ जानेवारीला, किंक्रांतीच्या दिवशी, ३.२ हा, म्हणजे सामान्य मर्यादेतला, आकडा आहे आणि त्याभोवती माईंनी कुंकवाने गोल काढलेला आहे. किंक्रांत हा दिवस आपल्याकडे शुभ मानत नाहीत. माईंनी तो मानला.

ही पाने घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून सगळे चौकोन वाचले. एक दिवसाआड इंजेक्शन आणि मधे गोळी म्हणजे मेथोट्रेक्झेट आणि त्याचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड, हे त्यांनी लगेच सांगितले. पंधरवड्यातून एकच दिवस सलाइन म्हणजे बहुधा ॲक्टिनोमायसीन-डी. अनेक औषधांची किमो असती तर लागोपाठचे दोन दिवस आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक दिवस असा क्रम दिसला असता आणि डोक्यावरचे केस सगळे गेले असते. माझी वेणी टिकली होती, हे माईंनी शपथेवर सांगितले. म्हणजे त्या किमोतले इटोपोसाइड हे औषध मला मिळाले नसावे. 'नसावे' एवढेच. माझ्या शरीरात काय गेले आणि किती गेले याचा आज जगात एकच पुरावा आहे, आणि तो एका ७४ वर्षांच्या बाईने दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलेला आहे.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी, हे पत्र सार्वजनिक असल्यामुळे, थोडे सांगणे भाग आहे. द्राक्षगर्भात गर्भ वाढण्याऐवजी वारेचा भाग फुगून द्राक्षाच्या घडासारखा होतो. पूर्ण प्रकारात स्त्रीबीजातला गाभा नाहीसा असतो आणि सगळी गुणसूत्रे पुरुषाकडून आलेली असतात; हे १९७७ साली जपानी संशोधक काजिई आणि ओहामा यांनी दाखवून दिले. यात कोणाची चूक नसते, नवऱ्याची नाही आणि बायकोचीही नाही. पण हे वाक्य मला कोणी २०१२ साली सांगितले असते तर नातेवाइकांच्या किती प्रश्नांपुढे मी मान खाली घालून उभी राहिले नसते. बहुतेक जणींमध्ये पिशवी साफ केल्यावर हे प्रकरण संपते. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के स्त्रियांमध्ये मात्र ते संपत नाही: राहिलेल्या पेशी वाढतात, पिशवीच्या भिंतीत शिरतात, कधी फुप्फुसापर्यंत पोहोचतात. क्वचित कोरिओकार्सिनोमा हा खरा कर्करोग होतो, आणि तो द्राक्षगर्भानंतरच काय, साध्या गर्भपातानंतर किंवा चांगल्या बाळंतपणानंतरही होऊ शकतो.

हे सगळे भीतिदायक वाटते, तरी स्त्रियांच्या गाठींमध्ये इतका बरा होणारा आजार दुसरा शोधून सापडणार नाही. कमी जोखमीच्या रुग्णांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के आहे, जास्त जोखमीच्या रुग्णांतही नव्वदच्या वर जाते. अवयवात पसरलेली घन गाठ केवळ औषधाने बरी होऊ शकते हे वैद्यकाला प्रथम याच आजाराने शिकवले. १९५६ साली अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्झेटने पसरलेला कोरिओकार्सिनोमा बरा करून दाखवला. ली यांचा आग्रह असा होता की गाठ दिसेनाशी झाली तरी रक्तातले किंवा लघवीतले संप्रेरक जोवर दिसते तोवर औषध थांबवायचे नाही. या आग्रहापायी त्यांना आपली जागा सोडावी लागली. १९७२ साली त्याच कामासाठी दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला. तेव्हापासून या आजारात डोळ्यांना काय दिसते यापेक्षा आकडा काय म्हणतो याला महत्त्व आहे. आणि आकड्याला महत्त्व असेल तर तो कुठेतरी लिहिलेला, जपलेला आणि कोणीतरी वाचलेला असावा लागतो. मी हिशेबाचे काम करते, मला एवढे नक्की कळते.

माझी पहिली तक्रार नोंदीची आहे, आणि ती केवळ जुन्या कागदांच्या मायेपोटी नाही. मेथोट्रेक्झेट एकटे घेतलेल्या स्त्रीचे पुढचे आयुष्य इतर स्त्रियांसारखेच जाते. अनेक औषधांची किमो घेतलेल्या स्त्रीची पाळी काही वर्षे लवकर जाऊ शकते, आणि इटोपोसाइडची एकूण मात्रा मोठी झाली असेल तर पुढे रक्ताच्या कर्करोगाची जोखीम किंचित वाढते. म्हणजे कोणते औषध, किती मात्रा, हे दहा-पंधरा वर्षांनंतरही डॉक्टरला हवेच असते. किमो घेतलेल्या स्त्रीच्या पुढच्या प्रत्येक गर्भारपणानंतर सहा आठवड्यांनी बीटा तपासायचा असतो. माझी मुलगी झाली तेव्हा तो मी स्वतः आठवण करून तपासून घेतला. बाळंतपण करणाऱ्या रुग्णालयात ते कोणाच्या कागदावर नव्हते. ज्या बाईला ही गोष्ट कोणी सांगितलीच नाही, तिला कोण आठवण करणार? तीन वर्षांत तर मूल होऊ द्यायची वाट पाहण्यातच एक वर्ष जाते, कारण किमो संपल्यावर बारा महिने गर्भ राहू द्यायचा नसतो. फाइल नष्ट व्हायच्या सुमारास अनेकींना तिची पहिली गरज पडते.

दुसरी तक्रार मी माझ्या जावेच्या भाचीमुळे करते. तिने परवानगी दिली म्हणून लिहिते. नाव आणि गाव सांगत नाही. ती २४ वर्षांची आहे आणि धारकडच्या एका गावात राहते. दीड वर्षापूर्वी दहाव्या आठवड्यात तिचे पोट पडले. एका लहान नर्सिंग होममध्ये क्युरेटिंग झाले, "सगळे साफ झाले" असे सांगून संध्याकाळी घरी पाठवले. पिशवीतून निघालेला भाग तपासायला पाठवला नाही. त्यानंतर दोन महिने तिला थांबून थांबून रक्त जात राहिले आणि प्रत्येक फेरीला लोहाच्या गोळ्या वाढत गेल्या. तिसऱ्या महिन्यात खोकला सुरू झाला, खोकल्यातून रक्त आले, छातीच्या फोटोत डाग दिसले आणि क्षयाच्या तपासण्या सुरू झाल्या. कोणी तिचा बीटा केला नाही. ती बसस्थानकावर उतरून थेट आमच्याकडे आली तेव्हा जिना चढताना दोनदा बसली. माझी मुलगी पाण्याचा पेला घेऊन धावली, आणि मी तिचा ओठांकडे नेलेला रुमाल पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला जवळच्या लॅबमध्ये नेले. संध्याकाळी आकडा आला, तो एक लाखाच्या वर होता.

ही गोष्ट एखाद्या डॉक्टरला दोषी ठरवायला मी सांगत नाही. पोट पडण्याच्या घटना पुष्कळ असतात, द्राक्षगर्भ त्यांत थोडा. साधारण हजार गर्भारपणांमागे एक-दोन असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते, आणि लहान दिवसांत सोनोग्राफीतही तो दर वेळी ओळखू येत नाही. म्हणूनच डोळ्यांवर विसंबू नये. पिशवीतला भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला असता तर तिला पहिल्या महिन्यातच कळले असते. घरी गोळ्या घेऊन केलेल्या गर्भपातात तर तपासायला काहीच हाती राहत नाही; तिथे तीन आठवड्यांनी लघवीची साधी चाचणी करून ती निगेटिव्ह आली आहे ना हे पाहणे आणि पुढे रक्तस्राव आठ आठवड्यांपलीकडे चालू राहिला तर बीटा करणे, एवढा एक नियम पाळला तरी कित्येक जणी वेळेत सापडतील.

तिसरी तक्रार पिशवी काढण्याच्या घाईविषयी आहे. याच मुलीला, बीटा होण्याआधी, सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर सांगण्यात आले होते की पिशवी काढून टाका म्हणजे त्रास संपेल. चोविसाव्या वर्षी, एकही मूल नसताना! पिशवी काढली असती तरी फुप्फुसातला आजार तिथेच राहिला असता आणि किमो टळली नसती. ज्या बाईला मूल हवे आहे तिच्यात या आजारावर औषध हाच पहिला उपाय असतो. शस्त्रक्रियेला जागा आहे, हे मी जाणते: वारेच्या जागेवरची जी दुर्मीळ गाठ औषधाला दाद देत नाही तिच्यात पिशवी काढणे हाच मुख्य उपचार असतो, मुले झालेल्या मोठ्या वयाच्या स्त्रीत तो निर्णय शहाणपणाचा असू शकतो, आणि रक्तस्राव आवरत नसेल तर जीव वाचवायला तो घ्यावाच लागतो. पण तिशीच्या आतल्या स्त्रीची पिशवी काढायचा सल्ला बीटाचा आकडा हातात नसताना दिला जाणे मला मान्य नाही, आणि आपल्यापैकी कोणालाही ते मान्य होणार नाही अशी माझी खात्री आहे. त्या मुलीला अनेक औषधांची किमो लागली, केस गेले, पुन्हा आले. ती बरी आहे आणि तिची पिशवी तिच्याजवळ आहे. या वेळी मी तिच्या प्रत्येक सलाइनच्या बाटलीवरचे नाव आणि मात्रा वहीत उतरवून घेतली.

चौथी तक्रार खर्चाची. आयुष्मान योजनेत भरती झाल्यावरचा खर्च निघतो, आणि भरतीआधीचे ३ दिवस व सुटी झाल्यानंतरचे १५ दिवस त्यात धरले जातात. या आजाराचा खरा हिशेब पंधराव्या दिवसानंतर सुरू होतो. आधी दर आठवड्याला बीटा, आकडा सामान्य झाल्यावर दर महिन्याला, असे महिनोन्महिने. खरगोन, बडवानी, झाबुआकडून येणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी तपासणीचे पैसे, बसचे भाडे आणि नवऱ्याची एक दिवसाची मजुरी असा भुर्दंड पडतो. चार-पाच वेळा ती येते. मग तिला बरे वाटायला लागते आणि ती येत नाही. तिला निष्काळजी म्हणणे सोपे आहे.

आणखी एक तक्रार आहे, जी कागदावर मांडायला मला अवघड जाते. आम्हाला पुढचे कोणी सांगत नाही. मला सुटी देताना "वर्षभर चान्स घेऊ नका" एवढेच एक वाक्य सांगितले गेले. वर्षभर का, त्यानंतर काय, मूल होईल का, ते धड असेल का, हे प्रश्न मी घशातच ठेवले, कारण बाहेर रांग होती. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितले की किमो घेतलेल्या बाईची कूस जळते. ते वाक्य मी दोन वर्षे उराशी घेऊन झोपले. खरे उत्तर तेव्हाही उपलब्ध होते. लंडनच्या चॅरिंग क्रॉस रुग्णालयातल्या मोठ्या पाहणीत, किमोनंतर मूल हवे असलेल्या स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना मूल झाले, आणि बाळातली व्यंगे इतरांपेक्षा जास्त आढळली नाहीत. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता एकदा होऊन गेल्यावर साधारण एक टक्का असते. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना ती भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि उरलेल्या एकीसाठी लवकर सोनोग्राफी करणे हा उपाय आहे. बारा महिने थांबायचे ते कूस जळते म्हणून नाही. आजार उलटला तर बहुधा पहिल्याच वर्षात उलटतो, आणि नव्या गर्भामुळे बीटा वाढला तर उलटलेला आजार त्यात झाकला जातो, म्हणून थांबायचे. हे समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. मी घड्याळ लावून जावेच्या भाचीला सांगितले आहे.

आपल्या भाषेत हे लिहिलेलेही सापडत नाही. मी फोनवर शोधले तेव्हा यंत्राने केलेल्या भाषांतरात 'दाढ गर्भधारणा' असे शब्द आले. दाढेला आणि या आजाराला इंग्रजीत एकसारखा शब्द आहे, म्हणून. पोट पडल्याच्या दुःखात असलेल्या बाईने दाढेविषयी वाचून काय समजायचे? द्राक्षगर्भ हा नेमका, कोणालाही कळणारा शब्द आपल्याकडे असताना!

नोंद ठेवणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ब्रिटनमध्ये १९७३ पासून द्राक्षगर्भ झालेल्या प्रत्येक स्त्रीची नोंद तीन केंद्रांपैकी एकात होते, लंडन, शेफिल्ड किंवा डंडी. बाई आपल्या गावी राहते, नमुना टपालाने जातो, आकडा एका ठिकाणी वाचला जातो आणि तो चुकीच्या दिशेने जाऊ लागला की केंद्र तिला बोलावते. यात महागडे यंत्र नाही. एक वही आहे आणि ती वाचणारे माणूस आहे. आपल्या राज्यात भोपाळला लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी कित्येक वर्षे चालते. पण साधा द्राक्षगर्भ हा कर्करोग नव्हे, म्हणून कर्करोग मोजणाऱ्या नोंदीत तो बसत नाही, आणि बाळंतपण नव्हे, म्हणून बाळंतपणाच्या नोंदीतही बसत नाही. आम्ही दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीत पडतो. ज्या शहरात रोज सकाळी प्रत्येक दारावर गाडी येते आणि ओला-सुका कचरा वेगळा झाला की नाही हे पाहते, ते शहर वर्षाकाठी सापडणाऱ्या मोजक्या स्त्रियांची नोंद ठेवू शकते. इंदूरची शिस्त मी रोज पाहते, तिचा मला अभिमान आहे, आणि त्या भरवशावरच मी हे मागते आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

इंदूर जिल्ह्यात द्राक्षगर्भ आणि त्यानंतर उद्भवणाऱ्या आजारांची एक नोंदवही एका शासकीय रुग्णालयात सुरू करावी, आणि शासकीय असो वा खासगी, प्रत्येक ठिकाणच्या रुग्णाची माहिती, तिची संमती घेऊन व नाव गोपनीय ठेवून, तिथे कळवली जावी. नोंदवहीची जबाबदारी एका डॉक्टरवर आणि एका परिचारिकेवर नावानिशी सोपवावी. ठरल्या तारखेला आकडा आला नाही तर त्यांनी फोन करावा.

पिशवी साफ केल्यावर निघालेला भाग पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवावा आणि त्याचा रिपोर्ट बाईच्या हातात द्यावा. जिथे सगळ्यांचा पाठवणे आज जमत नाही, तिथे निदान सोनोग्राफीत शंका असलेल्या, पिशवी दिवसांच्या मानाने मोठी असलेल्या आणि वयाने चाळिशीपुढच्या स्त्रियांचा तरी आजपासूनच पाठवावा. गोळ्या देऊन घरी पाठवलेल्या प्रत्येकीला तीन आठवड्यांनी करायच्या चाचणीचा कागद द्यावा.

या आजारात पिशवी काढण्याचा निर्णय, तातडीचा रक्तस्राव सोडून, बीटाचा आकडा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत असल्याशिवाय होऊ नये.

बीटाची तपासणी नोंदवहीतल्या स्त्रियांना, पूर्ण पाठपुरावा संपेपर्यंत, विनामूल्य मिळावी. रक्त जवळच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात घ्यावे आणि तपासणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत व्हावी, कारण वेगवेगळ्या लॅबच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

किमो संपल्यावर प्रत्येकीला एका पानाचे उपचारपत्रक द्यावे: आजाराचा प्रकार, औषधांची नावे, एकूण मात्रा, शेवटची तारीख, पुढच्या गर्भारपणात काय करायचे. ते मराठीत आणि हिंदीत असावे, आणि त्याची प्रत रुग्णालयाने तीन वर्षांनंतरही नष्ट करू नये. नियमातली तीन वर्षे ही किमान मुदत आहे. त्याहून जास्त जपायला कोणी मनाई केलेली नाही.

आणि उपचार संपल्यावर दहा मिनिटे द्यावीत, ज्यात बाई बसलेली असेल, तिला हवे असेल तर तिचा नवरा किंवा सासू शेजारी असेल, आणि दार लावलेले असेल.

नोंदवहीच्या कामात हिशेबाची, लिहिण्याची किंवा फोन करण्याची मदत लागली तर मी आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी विनामूल्य देईन. आजारातून गेलेली बाई समोर बसून बोलली तर नवीन रुग्णाला धीर येतो, हे मी पाहिले आहे. त्यासाठीही बोलावले तर येईन.

या पत्रासोबत ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या सात पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. दुधाचे आणि गॅसचे आकडे त्यात तसेच आहेत. माझ्या उपचारांचे दुसरे कागद कोणाकडे असतील तर ते मला मिळावेत. नसतील तर या प्रती एखाद्या फाइलमध्ये लावून घ्याव्यात आणि त्या फाइलचा क्रमांक मला लेखी कळवावा.

आपली विश्वासू,
एक माजी रुग्ण
सुदामानगर, इंदूर